मदत हवी आहे: लिनक्सच्या टीसीत (ट्रॅफिक कंट्रोल) आयएफबीवर मार्क पोहोचत नाही

अंधेरीतल्या ऑफिसचा गेटवे: डेबियन १२, एक १०० एमबीपीएसची लाइन, मागे नॅट आणि दोन व्हीलॅन. डाउनलोडला मर्यादा घालायची म्हणून वॅनचा इनग्रेस (आत येणारा ट्रॅफिक) मिरर्ड ॲक्शनने आयएफबी०वर (आभासी इंटरफेस) वळवलाय. तिथे एचटीबी (वर्गवार दर वाटणारी रांग), आणि वर्ग ठरवायला एफडब्ल्यू फिल्टर, जो पॅकेटवरचा मार्क (खूण) बघतो.

मार्क एनएफटीच्या (फायरवॉल) प्रीराउटिंगमध्ये लावत होतो. टीसीचा इनग्रेस त्याच्या आधी चालतो, त्यामुळे सगळा ट्रॅफिक डीफॉल्ट वर्गात जातो (टीसी -एस क्लास शोमध्ये बाकीचे आकडे शून्यच). म्हणून आता बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर सीटी मार्क (कनेक्शनवरची खूण) लावतो आणि मिरर्डच्या आधी ती खूण पॅकेटवर आणणारी कनमार्क ॲक्शन जोडलीय. तरी तेच. कॉनट्रॅक -एलमध्ये (कनेक्शनची यादी) मार्क दिसतो. दर एमबिटमध्येच दिलेत, म्हणजे एककाची चूक नाही. टीसीत केबीपीएस म्हणजे किलोबाइट, हे आधीच सांगून ठेवतो.

लॅनच्या बाजूने शेपिंग जमणार नाही, दोन्ही व्हीलॅनना मिळून एकच मर्यादा हवी. केक (दुसरा शेपर) हाही नको, कारण वर्गवार किमान दर द्यायचाय.

मॅन पानं एकेका ॲक्शनचे पर्याय सांगतात, पॅकेटचा पूर्ण प्रवास नाही. कॉनट्रॅक झोन वापरला असेल तर कनमार्कलाही तोच झोन द्यावा लागतो का? आणि एनएफटी, कनमार्क, आयएफबी तिन्ही एकत्र असलेलं चालतं उदाहरण कुणाकडे आहे का?