गेदलोंचा किल्ला: मध्ययुगाचा अभ्यास लोकांपुढे कसा मांडावा?

धागालेखक

फ्रान्समध्ये बुर्गोन्य प्रांतातल्या त्रेन्यी गावाजवळ, एका जुन्या दगडखाणीत, १९९७ पासून गेदलों नावाचा किल्ला बांधला जात आहे. जवळच्या सँ-फार्जो येथील गढीचे मालक मिशेल ग्वियो यांनी ही कल्पना मांडली आणि मारिलीन मार्तां यांच्या साथीने ती प्रत्यक्षात आणली. बांधकामाचा आरंभ १२२८ मध्ये झाला असे मानायचे आणि त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांवरच काम चालवायचे, हा तिथला दंडक आहे. माणूस आत चालून फिरवतो अशा लाकडी चाकाने दगड वर चढवतात. तेरा गाठींची दोरी ३, ४ आणि ५ अशा मापांच्या त्रिकोणात ताणून काटकोन साधतात. दर वर्षी सुमारे ३ लाख लोक तिकीट काढून हे काम पाहायला येतात आणि त्या पैशावरच बांधकाम पुढे सरकते.

इतिहासाचा अभ्यास सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचा हा मला माहीत असलेला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो, कारण येथे तयार निष्कर्ष न देता लोकांसमोर प्रश्नच उघडा ठेवला जातो. मध्ययुगीन बांधकामांच्या हिशेबांत लोहाराला दिलेल्या मजुरीच्या नोंदी वारंवार सापडतात. त्या वाचताना बिजागऱ्या आणि खिळे डोळ्यांसमोर येतात. पण दगडावर चाललेली छिन्नी किती लवकर बोथट होते आणि धार लावून घेण्यासाठी पाथरवटाला किती वेळा भट्टीकडे जावे लागते, हे अर्धा तास उभे राहून पाहिले की त्या नोंदींचा अर्थ आपोआप उलगडतो.

प्रतिसाद १

धागालेखकांच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मी सहमत नाही. गेदलोंमध्ये दिसते ते मध्ययुगीन तंत्र. मध्ययुगीन समाज तिथे दिसत नाही. तिथला पाथरवट महिन्याचा पगार घेतो, पायांत सुरक्षेचे बूट घालतो आणि त्याच्यामागे आजचे कामगार कायदे उभे असतात. किल्ला हे आसपासच्या गावांवर हुकूमत चालवण्याचे साधन होते. तो ज्यांच्या धान्यातून आणि वेठीतून उभा राहिला, ती माणसे या चित्रात कुठेच नाहीत. मुलांना घेऊन आलेले कुटुंब ‘पूर्वीचे लोक किती कष्टाळू आणि कुशल होते’ एवढाच ग्रह मनात घेऊन परतत असेल, तर अर्धे सत्य पोहोचले असे म्हणून मला समाधान मानता येत नाही.

प्रतिसाद २

यातील एक मुद्दा दुरुस्त करणे आवश्यक वाटते. कुशल पाथरवट आणि गवंडी वेठीला धरलेले नसत. ते बहुतेक ठिकाणी मजुरी घेत आणि काम संपले की दुसऱ्या कामावर जात. वेठ होती ती मुख्यतः खोदकामाची आणि गाड्यांनी माल वाहण्याची. त्यामुळे गेदलोंचा पगारदार पाथरवट तेराव्या शतकाला वाटतो तितका परका नाही.

शिवाय या खटाटोपातून काय निपजले, तेही पाहायला हवे. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम या मध्ययुगीन कॅथेड्रलचे छत जळाले. त्या छताचा लाकडी सांगाडा रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्रांतसो या वास्तुतज्ज्ञांनी २०१४ मध्ये मोजून कागदावर उतरवला होता, हे मोठे भाग्य. पण ओला ओक रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने, त्याच्या रेषांना धरून तासायचा कसा, हे नकाशातून शिकता येत नाही. ते हातांना ठाऊक असलेले जे सुतार या कामासाठी पुढे आले, त्यांतले काही गेदलोंमध्ये काम करून आले होते. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडले. ज्याला देखावा म्हणावे, त्यातून असे काही निघत नाही.

प्रतिसाद ३

माझा आक्षेप वेगळा आहे. दगड आणि लाकूड दाखवता येते, म्हणून तेच दाखवले जाते. मध्ययुग आणि प्रबोधनकाळाच्या अभ्यासाचा गाभा मात्र हस्तलिखितांच्या वाचनात आहे. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दिले, असे सांगणारे एक दानपत्र शतकानुशतके पुराव्यादाखल पुढे केले जात होते. ते बनावट आहे, हे लोरेंझो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० मध्ये भाषेच्या आधारे दाखवले. चौथ्या शतकातल्या रोमन दरबाराच्या तोंडी ‘सत्रप’ हा इराणी प्रांताधिपतीचा शब्द कसा आला, हा त्याचा एक प्रश्न. असा एखादा शब्द खटकण्यासाठी वर्षानुवर्षे लॅटिन वाचावे लागते. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे कोणत्या चाकावर चढवून दाखवणार? जे दाखवता येत नाही ते हळूहळू कमी मोलाचे ठरते आणि त्या विषयाची अध्यासने बंद पडतात, ही माझी खरी भीती आहे.

धागालेखक

भीती रास्त आहे, पण तुमचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते असे मला वाटते. व्हाल्लाचा निबंध विद्वानांच्या कपाटात राहिला असता, तर त्याचा परिणाम मर्यादित राहिला असता. उलरिख फॉन हुटेन या जर्मन लेखकाने तो जर्मनीत छापला आणि १५२० मध्ये तो पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्मसुधारक ल्यूथरच्या हाती पडला, तेव्हा त्याचे मोल साऱ्या युरोपला कळले. मुळात व्हाल्ला तेव्हा पोपशी वैर असलेल्या आल्फोन्सो राजाच्या पदरी होता, म्हणजे या अभ्यासाला वादाचे वारे जन्मापासूनच लागलेले होते. आणि ‘सत्रप’ची गोष्ट तुम्ही आत्ता चार वाक्यांत सांगितलीत, ती येथे लॅटिन न येणाऱ्या सर्वांना समजली.

प्रतिसाद १

प्रतिसाद २ मधील दुरुस्ती मला मान्य आहे, पण तिच्यामुळे माझा मुद्दा अधिकच घट्ट होतो. वेठ माल वाहण्याची होती, असे आपण म्हणता. मध्ययुगात दगड जमिनीवरून काही कोस वाहून नेला, तर वाहतुकीचा खर्च दगडाच्या किमतीइतका होऊ शकत असे. आता गेदलोंची जागा पाहा. किल्ला खाणीतच बांधला जात आहे आणि ओकचे जंगल भोवतीच आहे. म्हणजे ज्या कामात शेतकऱ्याचे बैल, गाडी आणि पेरणीचे दिवस खर्ची पडत, नेमके तेच काम तिथे काही पावलांत आटोपते.

धागालेखक

खाणीची निवड मी आजवर केवळ सोय म्हणून पाहिली होती. तिच्यामुळे काय झाकले जाते, हा विचार मी केला नव्हता. तरीही तिथला प्रत्येक कारागीर हातातले काम थांबवून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, हे विसरून चालणार नाही. ‘हा दगड आला कुठून?’ हा प्रश्न तिथे हमखास विचारला जात असणार. उत्तर देताना पायाखालच्या खाणीकडे बोट दाखवून थांबायचे, की दहा कोसांवरच्या गावातली गाडी आणि तिचा धनीही त्यात आणायचा, हे त्या पाथरवटाच्या हातात आहे.