अल्टाव्हिस्टाच्या जमान्यातला कचरा: दोष कोणाचा?

धागाकर्ता
१९९९ ची गोष्ट. आईला मधुमेह निघाला म्हणून सायबर कॅफेत बसून अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनावर पथ्याबद्दल शोधत होतो. वरचीच पानं भलती. एकाच्या तळाशी बरीच रिकामी जागा होती, म्हणून माउस दाबून खालपर्यंत ओढला, तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'डायबेटीस डायबेटीस' अशा ओळीच्या ओळी! पान जुगाराचं होतं.

सगळे जुगारवाल्याला शिव्या देतात. मी सर्च इंजिनाला दोष देतो. पान स्वतःबद्दल जे सांगेल ते त्याने खरं मानलं. सोयरीक जुळवताना आपण मुलाकडच्यांच्या शब्दावर थांबतो का? चार ठिकाणी चौकशी करतो. इतर किती पानं एखाद्या पानाकडे लिंक देतात ते मोजून गूगलने तीच चौकशी सुरू केली.

प्रतिसाद १
साफ अमान्य. सर्च इंजिनवाली मंडळी हातावर हात धरून बसली नव्हती. त्यांच्याकडे पानं भराभर नोंदवायला लोक प्रोग्राम सोडायचे. अल्टाव्हिस्टाने १९९७ मध्ये चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची अट घातली आणि असल्या नोंदी ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. आजच्या कॅप्चाचं मूळ तिथलं. शिवाय याहूच्या डिरेक्टरीत माणसं पान उघडून, वाचून मग वर्गात लावायची. पांढरी अक्षरं तिथे काय कामाची?

धागाकर्ता
कॅप्चाचं मान्य. पण ती दारावरची राखण झाली, आत शिरलेल्या कचऱ्याचं काय? आणि हाताने किती पानं लावणार? वेब रोज फुगत होतं. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांच्या १९९८ च्या निबंधात नोंद आहे: नोव्हेंबर १९९७ मध्ये चार बड्या इंजिनांपैकी एकालाच स्वतःचं नाव शोधल्यावर पहिल्या दहांत स्वतःचं पान दाखवता आलं. शब्द मोजून भागत नव्हतं, याहून मोठा पुरावा कोणता?

प्रतिसाद २
तुमचीच उपमा घेतो. चौकशीला गेलात ती चार घरंही पैसे खाऊन बोलत असली तर? लिंका विकत मिळू लागल्या, एकमेकांना लिंका देणाऱ्या साइट्सची शेतंच्या शेतं उभी राहिली. शेवटी २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचं एमएसएन या तिघांना मिळून 'नोफॉलो' आणावं लागलं, म्हणजे तशी खूण केलेली लिंक मोजायचीच नाही. चोरी तीच, फक्त घर बदललं.

धागाकर्ता
तळाशी शब्द भरायला दमडी लागत नव्हती. शंभर साक्षीदार उभे करायला पैसा आणि वेळ लागतो. तो खर्च वाढवला, एवढं श्रेय मी देणारच.

प्रतिसाद २
जुगारवाल्याला तो खर्च झेपतो. पथ्याचं साधं, खरं पान लिहिणाऱ्या डॉक्टरला नाही झेपत. तुमच्या आईला हवं होतं ते पान त्याचं.