पंचगंगेच्या पाण्यातून मिळालेले, रुंदावत जाणारे प्लाक: फाज की डेलोव्हिब्रिओ?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर): नमस्कार. पंचगंगा घाटावरचे पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ई. कोलाय जिवाणूंसह दुहेरी थराच्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) ओतले. पहिल्या दिवशी काहीच दिसले नाही. तिसऱ्या दिवशी प्लाक (जिवाणूंच्या थरातले, पेशी मेल्याने झालेले स्वच्छ ठिपके) उमटले आणि ते अजूनही रुंदावत आहेत. वर्गातले बहुतेक जण फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणतात. हे भक्षक जिवाणू असू शकतील का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक): शक्यता चांगली आहे. बहुतेक फाजना वाढणारा यजमान लागतो, त्यामुळे त्यांचे प्लाक दिवसभरात उमटतात आणि जिवाणूंचा थर वाढायचा थांबला की तेही थांबतात. डेलोव्हिब्रिओ या भक्षक जिवाणूला मात्र वाढ थांबलेली पेशीही चालते. 1962 साली जर्मनीत श्टोल्प हे संशोधक फाजच शोधत असताना हा जिवाणू हाती लागला, तेव्हा तुमच्या वर्गमित्रांना फार दोष देऊ नये.

आता भक्ष्याचे काय होते ते पाहा. एकाच कशाभिकेवर (शेपटीसारख्या धाग्यावर) वेगाने पोहणारा हा जिवाणू ई. कोलायवर आदळून चिकटतो, बाह्यपटलाला भोक पाडून बाह्य आणि आतील पटलांमधल्या जागेत शिरतो आणि आत गेल्यावर ते भोक बुजवतो. भक्ष्याच्या पेशीभित्तिकेतले बंध तो असे तोडतो की दांड्यासारखी पेशी गोल होते, आणि दुसऱ्या भक्षकाला तिथे शिरणे अवघड जाते. पुढे भाडेकरूने आतून कुलूप लावून घरमालकाचेच कोठार रिकामे करावे, तसा तो आतला पेशीद्रव पचवत लांब तंतूसारखा वाढतो; अन्न संपले की त्या तंतूचे एकाच वेळी तुकडे होतात आणि सुमारे 3 ते 4 तासांत नवे भक्षक बाहेर पडतात. ई. कोलायमधून साधारण 3 ते 6 पिल्ले निघतात; भक्ष्य मोठे असेल तर अधिक.

खात्रीसाठी प्लाकमधील द्रव 0.2 मायक्रॉनमधून गाळून पुन्हा ओता. फाज पार जातील, डेलोव्हिब्रिओ बहुतांशी अडकतील. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ओला नमुनाही पाहा.

विद्यार्थिनी: आभारी आहे, सर. पण द्रव माध्यमात गढूळपणा उतरल्यावरही, म्हणजे बहुतेक पेशी फुटल्यावरही, थोडे ई. कोलाय उरतातच. ते प्रतिकारक्षम झाले का?

दुसरे उत्तर (संशोधक, मूळचा गडहिंग्लजचा): बहुधा नाही. उरलेल्या पेशी भक्षकाविना पुन्हा वाढवल्या, तर त्यांची संतती पूर्वीइतकीच सहज बळी पडते. म्हणजे तो तात्पुरता, जनुकात न कोरलेला बचाव असतो. शिवाय भक्ष्य विरळ झाले की गाठ पडणेच दुर्मीळ होते आणि उपाशी भक्षक लवकर मरतात. तुलनेसाठी (कंट्रोल म्हणून) स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू घ्या: त्याला बाह्यपटल नसल्याने आत शिरून राहण्याची ती जागाच तिथे मिळत नाही, आणि त्या थरावर असे प्लाक उमटू नयेत.