मदत हवी आहे: टीम ड्राफ्टमधून बांधू की फ्री एजन्सीतून? आज रात्री ११ पर्यंत ठरवायचंय

ओहायोतला_पाहुणा
नमस्कार मंडळी. घाईत आहे, मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमधली (खऱ्या खेळाडूंची कागदावरची टीम चालवायची) एक टीम एकाने मधेच सोडली, ती माझ्याकडे आलीय. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) एकही नाही. २०२५ च्या मोसमासाठी शुक्रवारी फ्री एजंटांचा (करार नसलेल्या खेळाडूंचा) लिलाव, शनिवारी रूकी ड्राफ्ट (नवख्यांची पाळीपाळीने निवड). आता एक जण माझ्या १.०२ च्या (पहिल्या फेरीतला दुसरा पिक, म्हणजे निवडीचा हक्क) बदल्यात रनिंग बॅक डेरिक हेन्री देतोय आणि आज रात्री अकरापर्यंत हो की नाही ते सांग म्हणतोय.

टीम ड्राफ्टमधून बांधावी की फ्री एजन्सीतून? चार दिवस वाचतोय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कृपया एकच उत्तर द्या.

मांडवीकाठ
भारतात फुटबॉलला ड्राफ्ट होता की! आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) २०१७ ला देशी खेळाडूंचा ड्राफ्ट झाला, जमशेदपूरने पहिल्या नंबरला अनस एडाथोडिकाला १ कोटी १० लाखांना उचललं होतं. पण एफसी गोवाचा त्या वर्षीचा खरा मोहरा कोरो (फेरान कोरोमिनास), तो थेट करारावर आला आणि लागोपाठ दोन मोसम गोल्डन बूट घेऊन गेला. फातोर्ड्याला त्याचे गोल मी डोळ्यांनी बघितलेत. त्यामुळे माझं मत थेट करार. ड्राफ्टमध्ये वेळ घालवू नका.

मधुरा_फिली
मांडवीकाठ, ते अमेरिकन फुटबॉलबद्दल, म्हणजे तिथल्या एनएफएल लीगबद्दल विचारताहेत.

पाहुणे, लीगमध्ये टीम किती? सॅलरी कॅप (एकूण पगारावर मर्यादा) आहे का? खेळाडू किती वर्षं ठेवता येतात? दोन क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे, टीमचे सूत्रधार) खेळवता येतात का? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगितलं तरी ते अंधारात दगड मारणं होईल.

ओहायोतला_पाहुणा
कॅप आहेच, नाहीतर प्रश्नच कशाला पडला असता. १२ टीम. बाकी नेहमीसारखंच आहे सगळं. हेन्रीचं सांगा ना कोणीतरी.

सरोवराकाठी
मी क्लीव्हलँडला २२ वर्षं आहे. ड्राफ्ट ड्राफ्ट करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: आमची इथली टीम ब्राउन्स आठवा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरचा पिक होता, तो विकून आणखी पिक गोळा केले, महागडे जुने खेळाडू सोडून दिले. २०१६ ला १५ हार, १ जीत. २०१७ ला सोळाच्या सोळा हार. २०१८ च्या जानेवारीत स्टेडियमभोवती लोकांनी मोर्चा काढला, शून्याच्या आकारात गोल फिरायचा. मी मुलाला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा नऊ वर्षांचा. फूड बँकेसाठी मदत गोळा होत होती म्हणून त्याने घरातले राजम्याचे दोन डबे घेतले होते आणि हातमोज्यातून ते धरताना थंडीने त्याची बोटं वळत नव्हती. परत येताना गाडीत म्हणाला, बाबा, मग चांगले खेळाडू कधी येणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि तो विकलेला दुसऱ्या नंबरचा पिक फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी घेतला, त्यावर क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ. त्याच २०१७ च्या मोसमात ईगल्स सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकले. पिकांचा ढीग म्हणजे टीम नव्हे.

मधुरा_फिली
सरोवराकाठी, त्याच १५ हारींमुळे २०१७ ला पहिल्या नंबरला माइल्स गॅरेटसारखा बचावपटू आला हेही सांगा की. आणि वेन्ट्झ डिसेंबरमध्ये जखमी झाला, सुपर बोल त्याच्या जागी आलेल्या निक फोल्सने जिंकून दिला. फोल्सला ईगल्सनी २०१२ ला तिसऱ्या फेरीत घेतलं होतं, मग दुसऱ्या टीमला दिलं, आणि २०१७ ला फ्री एजंट म्हणून परत आणलं. आता त्याला कोणत्या खात्यात घालायचं?

सरोवराकाठी
गॅरेट मान्य. पण २०२२ ला आमच्या ब्राउन्सनी ह्यूस्टनच्या टीमला तीन पहिल्या फेरीचे पिक दिले आणि त्यांच्याकडून आणलेल्या क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार दिला. म्हणजे दोन्ही बाजूंनी गेलं, पिकही आणि कॅपही. हे झाल्यापासून मी १.०२ सारखा पिक द्यायच्या विरोधात आहे.

हिशोबी_हेमा
तात्त्विक उत्तर देते, कारण मूळ मुद्दा पैशाचा आहे. २०१० ला पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड, त्याला ६ वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. २०११ ला मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला, रूकींचा पगार बांधला गेला, आणि त्याच वर्षीचा पहिला पिक कॅम न्यूटन ४ वर्षांना साधारण २ कोटी २० लाखांत आला. तेव्हापासून चांगला रूकी म्हणजे बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त माणूस. क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी २०२२ चा अगदी शेवटचा, २६२ वा पिक. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्सना सुपर बोलपर्यंत नेलं तेव्हा वर्षाचा पगार १० लाख डॉलरच्या आत होता. २०२५ ला त्याला ५ वर्षांचे २६ कोटी ५० लाख मिळाले. आता तोच माणूस कॅपचा मोठा घास घेणार.

रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी यावर सविस्तर अभ्यास केलाय. टीम सगळ्यात वरच्या पिकांसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात, पैशाच्या मानाने जास्त लाभ थोड्या खालच्या पिकांत असतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणून माझा सल्ला: १.०२ देऊन खाली सरका आणि दोन पिक घ्या.

ओहायोतला_पाहुणा
हेमाताई, खाली सरकायला कोणी तयार हवं ना. माझ्यासमोर फक्त हेन्री आहे. पावणेनऊ झालेत.

रॅम्सप्रेमी_ठाणेकर
तुम्ही दोन्हीकडे चुकीचं बघताय. तिसरा रस्ता आहे, ट्रेड (टीम-टीममधली अदलाबदल). आमच्या लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी २०१७ ते २०२३ पहिल्या फेरीत एकदाही कोणाला घेतलं नाही. क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डसाठी डेट्रॉइटच्या लायन्सना दोन पहिल्या फेरीचे पिक, एक तिसऱ्या फेरीचा आणि वर आमचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ दिला, आणि पहिल्याच मोसमात सुपर बोल. हेन्री घ्या आणि मोकळे व्हा. त्याने २०२४ च्या मोसमात धावून १,९२१ यार्ड काढलेत!

मधुरा_फिली
आणि त्याच ट्रेडमधून लायन्स उभे राहिले ना ठाणेकर. तुमच्याकडून आलेल्या एका पिकावरून वर सरकून जेमसन विल्यम्स, दुसऱ्यावरून खाली सरकून जाहमीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा. २०२४ च्या मोसमात लायन्स १५ जीत, २ हार.

हेन्रीला २०२५ च्या जानेवारीत ३१ पूर्ण झाली. बाल्टिमोरच्या रेव्हन्सनी त्याला २०२४ ला फ्री एजन्सीत घेतलं तेव्हा त्यांच्याकडे क्वार्टरबॅक लमार जॅक्सन होता, टीम तयार होती. पाहुण्यांची टीम रिकामी आहे. रिकाम्या घरात आधी झुंबर लावून काय उपयोग?

रॅम्सप्रेमी_ठाणेकर
तुमच्या ईगल्सनी नाही का २०२४ ला रनिंग बॅक साक्वॉन बार्कलीला फ्री एजन्सीत आणलं? ३ वर्षांचे ३ कोटी ७७ लाख आणि २,००५ यार्ड. मग आम्हाला का शिकवता?

मधुरा_फिली
आणलं, आणि सुपर बोलच्या त्या रविवारी मी रडलेही. पण बार्कली कोणामागे धावत होता ते बघा. त्याला वाट करून देणाऱ्या पुढच्या ओळीतल्या पाच जणांपैकी चार ईगल्सनी स्वतः ड्राफ्ट केलेले. जॉर्डन मायलाटा तर २०१८ ला सातव्या फेरीत, २३३ वा. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला मुलगा, त्याला हा खेळ पहिल्यापासून शिकवला. आधी ती ओळ झाली, मग बार्कली आला. हाच क्रम उलटा केला की २०११ होतं. ‘ड्रीम टीम’ म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, फ्री एजन्सीतून नामदी असोमुआसारखा मोठा माणूस आणला, आणि आम्ही ८-८ ला संपलो.

फ्री एजन्सीचा माझा आवडता सौदा बार्कली नाहीच, बचावपटू झॅक बॉन आहे. एका वर्षाचे ३५ लाख. आधीच्या टीममध्ये, सेंट्सकडे, त्याला कडेला खेळवायचे, आमच्याकडे मधे उभा केला आणि ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाला.

बकआयपुणेकर
अवांतर: पाहुणे, कोलंबसला आहात का? मंडळाच्या गणपतीला स्वयंसेवक हवे आहेत. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

कबड्डीवेडा
मला एनएफएल फार कळत नाही, पण प्रश्न ओळखीचा वाटला. प्रो कबड्डीत तमिळ थलायवाजनी २०२२ ला पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं, तो पहिल्याच सामन्यात जखमी झाला आणि मोसमच गेला. उलट आमची पुणेरी पलटण. अस्लम इनामदार, मोहित गोयत ही नवखी पोरं हाताशी धरली, करंडक हुकला तेव्हा पण सोडली नाहीत. ती तयार झाल्यावर एक मोठा सौदा केला, मोहम्मदरझा शादलुई, २ कोटी ३५ लाख. १ मार्च २०२४ ला हरयाणाला २८-२५ ने हरवून करंडक. अस्लम कप्तान होता. आधी पोरं, मग शादलुई.

हिशोबी_हेमा
कबड्डीवेडा, अगदी हेच. आणि एनएफएलमध्ये पोरं सोडतानाही काही मिळतं. आलेल्यांपेक्षा जास्त फ्री एजंट गमावले तर पुढच्या वर्षी भरपाईचे पिक मिळतात, एका टीमला जास्तीत जास्त चार. रेव्हन्सच्या ऑझी न्यूसमनी यावर वर्षानुवर्षं टीम चालवली.

ओहायोतला_पाहुणा
हे सगळं वाचायला छान आहे, पण आमच्याकडे भरपाई वगैरे नाही. साडेनऊ.

मधुरा_फिली
पाहुणे, मग नियम टाका. पुन्हा विचारतेय. हेन्रीचा पगार किती, रूकीचा किती, तुमच्याकडे कोण कोण, कोणाचा करार कधी संपतो.

ओहायोतला_पाहुणा
बरं. कॅप २०० डॉलरचा, माझे ६४ शिल्लक. दोन क्वार्टरबॅक खेळवता येतात. १.०२ ला घेतलेला रूकी ८ डॉलरला ३ वर्षं. हेन्री २१ डॉलरला, अजून २ वर्षं. खेळाडू मधेच काढला तर अर्धा पगार अंगावर राहतो. माझ्याकडे क्वार्टरबॅक जो बरो, चेंडू झेलणारे आमोन-रा सेंट ब्राउन आणि ट्रे मॅकब्राइड, बाकी भरती. पिक १.०२, २.०२, २.०९. बरोचा करार या वर्षी संपतो, लिलावाआधी वाढवता येतो पण ४४ लागतात, म्हणून ते मी धरलंच नव्हतं.

मधुरा_फिली
अहो, मग मुख्य गोष्ट हीच होती! बरोचे आत्ता किती जातात?

ओहायोतला_पाहुणा
३१. वाढवला तर याच वर्षापासून ४४.

मधुरा_फिली
म्हणजे ६४ चे ५१ राहतात. आणि नाही वाढवला तर पुढच्या वर्षी दोन क्वार्टरबॅकच्या लीगमध्ये तुमच्याकडे एकही नाही, आणि लिलावात बरोसारखा माणूस ४४ ला कोणी सोडणार नाही. आधी त्याला वाढवा. ५१ मधून हेन्रीचे २१ गेले की उरलेल्या ३० मध्ये बाकीची टीम भरायची, आणि दोन वर्षांनी तो ३३ चा असताना तुमच्याकडे पिकही नाही. १.०२ ठेवलात तर ४३ उरतात. त्यात शुक्रवारी एकेका वर्षाचे दोन रनिंग बॅक ८-१० डॉलरला उचला, झॅक बॉनसारखे. वॉशिंग्टनच्या टीमने २०२४ ला हेच केलं. दुसऱ्या नंबरला क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स, त्याच्याभोवती अल्प मुदतीचे जुने जाणते, आणि ४-१३ वरून १२-५.

सरोवराकाठी
मधुराताईंशी सहमत. १.०२ देऊ नका. मुलगा आता सोळा वर्षांचा आहे, शेजारी बसून वाचतोय, तोही तेच म्हणतो.

रॅम्सप्रेमी_ठाणेकर
मी अजूनही हेन्रीच घेतला असता. पण पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिकही मागून बघा. मागायला काय जातं.

ओहायोतला_पाहुणा
मागितला. साफ नाही म्हणाला. मग मीही नाही कळवलं, १०:४० ला. बरोला वाढवलं. कागदावर ५१ लिहून खाली दोन रनिंग बॅकांची नावं काढलीत, एकाला ९ पर्यंत आणि दुसऱ्याला ११ पर्यंत जाईन. मधुराताई, खूप आभार, हेमाताई, सरोवराकाठी, सगळ्यांचेच.

शनिवारी १.०२ ला क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड की रनिंग बॅक ओमेरियन हॅम्प्टन?

मधुरा_फिली
१.०१ कोणाकडे आहे, आणि त्याच्याकडे क्वार्टरबॅक किती?