शाळेच्या विज्ञान मंडळात निवड झाल्यानंतर सक्रिय कसे राहावे?

पालक, ठाणे पश्चिम

माझी मुलगी यंदा नववीत आहे. तिच्या शाळेत गुणवंत विद्यार्थ्यांचे विज्ञान मंडळ असून आठवीचे विज्ञान व गणिताचे गुण, शिक्षकांची शिफारस आणि मुलाखत यांवरून सदस्य निवडले जातात. पुढे सभांना ठरावीक उपस्थिती, वर्षाला एक प्रकल्प आणि लहान मुलांना शिकवण्याचे काही तास पूर्ण न झाल्यास सदस्यत्व रद्द होते. तिला विषयाची मनापासून आवड आहे. परंतु होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी आणि शिकवणी सांभाळून हे वर्षभर निभावेल का, अशी मला काळजी वाटते. मुलाखतीत काय पाहतात आणि दहावीतही सदस्य राहणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त विज्ञान शिक्षिका, वाशी

गुणांची अट ही केवळ चाळणी आहे. विद्यार्थ्याला स्वतःचा असा एखादा प्रश्न पडला आहे का आणि त्याचा त्याने थोडा तरी पाठपुरावा केला आहे का, एवढेच मी मुलाखतीत पाहत असे. पाठ केलेली शास्त्रज्ञांची चरित्रे तिथे कामास येत नाहीत.

निवडीनंतर मात्र वर्षभर पुरेल असे एकच काम घ्यावे आणि ते घराजवळचे असावे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक स्पर्धेसाठी नवा प्रकल्प उभा करणारी मुले दिवाळीपर्यंत थकून जातात. ठाण्याला तलावांची वाण नाही. माझ्या विद्यार्थिनींनी एका तलावाच्या पाण्याचा गढूळपणा मोजायला घेतला होता. 20 सेंटिमीटर व्यासाची, आलटून पालटून काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगवलेली सेकी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली नोंदवून दोन्हींची सरासरी घ्यायची, इतके हे साधे काम आहे. त्याबरोबर त्या पाण्याचा सामूही (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा आम्लारीधर्मी आहे ते) मोजत. सामूचे आकडे जुळेनात, तेव्हा वहीतील वेळेचा रकाना पाहून त्यांनीच कारण शोधले: काही नोंदी सकाळच्या होत्या, काही दुपारच्या. उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरते, त्यामुळे दुपारी सामू चढतो. त्या दिवसापासून एकही मुलगी सभेला गैरहजर राहिली नाही, कारण त्यांना आता पुढचा आकडा हवा होता.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत 10 ते 17 वर्षे वयाची मुले स्थानिक प्रश्नावरील प्रकल्प मांडतात आणि तिथे नोंदवहीला मोठे महत्त्व असते. तिथला मुख्य विषय जुळला, तर हीच वही तिथेही उपयोगी पडेल.

माजी सदस्य, सध्या बारावीत, घणसोली

काकू, सभेचा वार आणि शिकवणीचा वार एकच निघाला, तर जूनमध्येच बॅच बदलून घ्या. नंतर कोणी बदलून देत नाही. उपस्थिती कमी पडण्याचे कारण बहुतेकांच्या बाबतीत एवढेच होते.

शिकवण्याच्या तासांना ओझे मानू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आम्ही पाचवीच्या मुलांसमोर हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून तो लाल करीत असू आणि लिंबाने पुन्हा पिवळा करीत असू. तेव्हा एका मुलाने विचारले की लिंबू जास्त पिळले तर कागद पांढरा होईल का. ते करून पाहण्यात आमचा पुढचा तास गेला, आणि आम्ल-आम्लारी हा धडा मला खरा समजला तो त्या दिवशी. उपक्रमांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘विज्ञान प्रतिभा’ या प्रकल्पाचे आठवी ते दहावीचे साहित्य संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

पालक, ऐरोली

दहावीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. सदस्यत्व जरूर ठेवावे, परंतु त्या वर्षी सचिवपद किंवा 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचे आयोजन अंगावर घेऊ नये. बोर्डाची परीक्षा त्याच सुमारास असते. नोंदी घेण्याचे आणि नववीच्या मुलांना ते शिकवण्याचे काम पुरेसे आहे.

पालक, ठाणे पश्चिम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला तलावापेक्षा खाडीवरच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची गणना करावीशी वाटते. ते नववीच्या मुलीला झेपेल का?

निवृत्त विज्ञान शिक्षिका, वाशी

अवश्य झेपेल, आणि विषयही मोलाचा आहे. ठाणे खाडीच्या या भागाला 2015 मध्ये रोहित अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. मात्र तिथे घड्याळाच्या वेळेपेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची असते. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरायला पसरतात आणि भरतीला तिथून हलतात, म्हणून प्रत्येक गणना ओहोटीच्या त्याच टप्प्यावर करावी आणि त्या दिवशीची ओहोटीची वेळ वहीत लिहावी. हे पक्षी पावसाळ्यानंतर येत असल्याने तोवर नोंदवहीचे रकाने आखून दुर्बिणीतून मोजण्याचा सराव करता येईल. खारफुटीच्या चिखलात उतरू देऊ नका. काठावरून, सोबत मोठे माणूस असतानाच मोजावे.