मेक्सिको सिटीला वर्ल्ड कपची मॅच, सोबत आई-बाबा. व्हिसा, राहणं, स्टेडियमला जाणं... मदत हवी आहे

उंटावरचा_शहाणा

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसला असतो, आई-बाबा सध्या इकडेच आलेत. १७ जूनला मेक्सिको सिटीत उझबेकिस्तान विरुद्ध कोलंबिया आहे, त्याची चार तिकिटं लागलीयेत. आता तुम्ही म्हणाल की डॅलसलाच नऊ मॅचेस आहेत, सोळा शहरांत सगळ्यात जास्त, मग हे सोडून तिकडे कशाला तडमडताय. तर कारण बाबा. मॅच कोणाची आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही, त्यांना तिथलं अझ्टेका स्टेडियम बघायचंय. पेले १९७० ची फायनल तिथे जिंकला आणि १९८६ ला मॅराडोनाने इंग्लंडला एक गोल हाताने मारून चारच मिनिटांत अर्धं ग्राउंड पळत जाऊन दुसरा मारला तोही तिथेच, हे मला अक्षरं यायच्या आधीपासून पाठ आहे. उझबेकिस्तानचा हा पहिलाच वर्ल्ड कप आणि त्यांचा कोच कॅनव्हारो, म्हणजे २००६ ला इटलीचा कॅप्टन होता तो, ही माहितीपण बाबांचीच.

तर प्रश्न असे. एक म्हणजे व्हिसा. आई-बाबांचा अमेरिकेचा बी१/बी२ (पर्यटक व्हिसा) अजून बरीच वर्षं चालू आहे, पण माझा एच१बीचा (नोकरीचा व्हिसा) आणि बायकोचा एच४ चा (माझ्यावर अवलंबून म्हणून मिळालेला) पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलाय, एक्स्टेन्शन अप्रूव्ह झालंय, आय-७९७ (एक्स्टेन्शन मंजूर झाल्याचा कागद) आणि आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) दोन्ही व्हॅलिड. आम्हाला मेक्सिकोचा व्हिसा लागेल का, आणि परत येताना काही लफडं होईल का? दुसरं, राहायचं कुठे? स्टेडियमच्या अगदी जवळ राहिलं तर बाबांना चालावं लागणार नाही असं वाटतंय (त्यांचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे). तिसरं, मॅच रात्री ८ ला आहे, संपून बाहेर पडेपर्यंत सव्वादहा वगैरे होतील, तेव्हा परत कसं यायचं? आणि आई शुद्ध शाकाहारी, अंडंपण नाही, तिचं काय करू?

फुटबॉलवर चर्चा करायची तर करा पण आधी मदत करा प्लीज.

नाक्यावरचा

व्हिसाचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे आई-बाबा सुटले. ग्रीन कार्डवाल्यांनापण चालतं. पण तुमचा स्टॅम्प संपलाय आणि आय-७९७ म्हणजे व्हिसा नव्हे, तो कागद एअरलाईनच्या काउंटरवर कितीही नाचवला तरी उपयोग नाही. तुम्हा दोघांना मेक्सिकन कॉन्सुलेटमधून व्हिसा काढावा लागणार. अपॉइंटमेंट आजच शोधायला घ्या, वर्ल्ड कपमुळे तिथेही झुंबड असणार. मॅचचं तिकीट दाखवलं म्हणजे व्हिसा मिळालाच असं होत नाही.

परत येण्याचं मात्र वाटतं तेवढं अवघड नाहीये. ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणून नियम आहे, मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत राहून परत आलात, मधे दुसऱ्या कुठल्या देशात गेला नाहीत, आय-९४ व्हॅलिड आहे, तर संपलेल्या स्टॅम्पवरही परत घेतात. फक्त तिथे असताना अमेरिकेच्या नव्या स्टॅम्पसाठी अर्ज करायचा नाही, म्हणजे जातोच आहोत तर स्टॅम्पिंगपण उरकून घेऊ हा मोह टाळा, अर्ज केला की ही सवलत गेली. आय-९४ आणि आय-७९७ छापून घ्या, आणि त्या नियमाचं सरकारी पानपण छापून घ्या कारण येताना विमानतळावरच्या पोरांना हा नियम माहीत असेलच असं नाही.

आई-बाबांचं अजून एक. मेक्सिकोला जाऊन आल्यावर अमेरिकेत राहायला नवीन सहा महिने मिळतील असं धरून परतीचं तिकीट पुढे ढकलू नका, उरलेलेच दिवस मिळू शकतात.

भटकी_जमात

वरच्या प्रतिसादाला +१. आता राहण्याचं.

स्टेडियमच्या जवळ राहू नका. स्टेडियम शहराच्या दक्षिणेला सांता उर्सुला भागात आहे, मॅच सोडली तर तुम्हाला तिथे करण्यासारखं फारसं काही नाही आणि बाकीचं शहर बघायला रोज तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये जातील. शहराच्या मध्यभागी सोकालो किंवा बेयास आर्तेसच्या आसपास म्हणजे मेट्रोच्या लाईन २ वर कुठेतरी बघा. ही लाईन सरळ दक्षिणेला तास्केन्याला संपते, तिथे उतरून त्रेन लिहेरो म्हणून छोटी ट्रेन घ्यायची, तिचं स्टेशनच स्टेडियमच्या नावाचं आहे. मेट्रोचे ५ पेसो आणि त्या छोट्या ट्रेनचे ३, एकच कार्ड दोन्हीकडे चालतं. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला नावासोबत एक चित्र असतं त्यामुळे स्पॅनिश वाचता आलं नाही तरी अडत नाही, आईंना फक्त चित्र दाखवून ठेवायचं. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका आणि लहान मुलांसाठी असतात. पण मग चौघं वेगळ्या डब्यांत विखुरता, आधीच ठरवा कोण कोणासोबत.

रोमा, कोन्देसा हे भाग छान आहेत, झाडं, कॅफे, सगळं. पण महाग झालेत आणि तिथून लाईन २ गाठायला गाडी बदलावी लागते. आई-बाबांना शांतता हवी असेल तर कोयोआकान. जुना दगडी रस्ता, मोठा चौक, संध्याकाळी बाकावर बसून लोक बघत बसायचं. चित्रकार फ्रिडा काह्लोचं निळं घरही तिथेच, तिकीट ऑनलाईन आधीच काढा, सोमवारी बंद असतं.

स्टेडियमचं नाव शोधताना गोंधळ होईल. २०२५ मध्ये बँकेच्या नावावरून ते बानोर्ते झालं, वर्ल्ड कपपुरतं फिफा त्याला मेक्सिको सिटी स्टेडियम म्हणतंय, आणि टॅक्सीवाल्याला अझ्टेकाच कळतं. तिन्ही एकच.

रिकामटेकडा

>> मॅच कोणाची आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही

बाबांना हे सांगा, १९८६ चा वर्ल्ड कप मुळात कोलंबियात होणार होता. पैसे नाहीत म्हणून १९८२ मध्ये त्यांनी हात वर केले, मग मेक्सिकोला मिळाला. म्हणजे कोलंबियाने यजमानपद सोडलं नसतं तर बाबांचा तो गोल अझ्टेकावर झालाच नसता. आता तेच कोलंबिया तिथे खेळतंय, म्हणजे थोडंफार देणंघेणं आहे म्हणायचं. आणि पिवळा शर्ट घालू नका असं मी तरी म्हणणार नाही, कोलंबियाची पब्लिक प्रचंड संख्येने येणार, त्यांच्यात मिसळलात की धमाल.

गोळी_वेळेवर_घ्या

मेक्सिको सिटी २२४० मीटरवर आहे आणि डॅलस दीडशे मीटरवरही नाही, हे विसरू नका. तरुण माणसालाही पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, झोप नीट लागत नाही. मॅचच्या दिवशी सकाळी उतरून संध्याकाळी स्टेडियमला असा प्लॅन असेल तर तो बदला. निदान दोन दिवस आधी पोचा, पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका, पाणी भरपूर, जेवण हलकं. बीपीच्या गोळ्यांबद्दल निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, इथे कोणी काय घेतो ते वाचून डोस बदलू नका. गोळ्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलासुद्धा बाटलीचंच.

आणि जूनमध्ये तिथे पावसाळा सुरू असतो. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर धो धो. गर्दीत छत्रीचा काही उपयोग नाही, साधे प्लॅस्टिकचे रेनकोट न्या. संध्याकाळी गारठा असतो, आईंना स्वेटर लागेल. जून आहे म्हणून टेक्सासच्या कपड्यांत जाऊ नका.

सुगरण_पण_आळशी

आईंचं जेवण. तिथे शाकाहारी मिळतं पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. बीन्स म्हणजे आपला राजमा असं समजून आपण खूश होतो आणि त्यात डुकराची चरबी असते. तिला मान्तेका म्हणतात, "सिन मान्तेका" म्हणजे चरबी न घालता, हे पाठ करून घ्या. भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. "कार्ने नाही" म्हटलं की काही जण हॅम किंवा चिकन घालून देतात कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे बीफ. त्यामुळे एकेक नाव घेऊन नाही म्हणायचं.

काय खायचं ते सांगते. रस्त्यावर बाई तव्यावर निळ्या मक्याचे लांबट त्लाकोयो भाजत असते, आत वाटलेल्या शेंगदाण्यासारखं दिसणारं बीन्सचं सारण, वरून नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाच्या चिरलेल्या फोडी, थोड्या बुळबुळीत, आंबटसर, मग चीज आणि हिरवी साल्सा. सारणात चरबी नाही ना एवढं विचारून घ्या. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी) मिळते, ती तर आईंना घरचीच वाटेल. मात्र त्या शहरात केसादिया मागितली तर चीज घालू का असं विचारतात, चकित होऊ नका, हो म्हणा. मक्याच्या दाण्यांवर मेयॉनीज असतं म्हणजे अंडं आलं, "सिन मायोनेसा" सांगा, लिंबू आणि तिखट घालून मस्त लागतं. तरी बॅगेत खाकरे, चटणी ठेवाच. स्टेडियममधल्या खाण्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही, आईंना पोटभर खाऊ घालूनच न्या.

भटकी_जमात

परत येण्याचं राहिलं होतं. १७ जून बुधवार आहे, मेट्रो रात्री १२ पर्यंत असते. पण सगळं स्टेडियम एकदम त्या छोट्या ट्रेनवर तुटून पडणार, गुडघेदुखीच्या माणसाला त्या रेट्यात नेऊ नका. मॅच संपल्यावर अर्धा तास जागेवरच बसा, बाबांना तसंही बसायचंच असेल. मग त्लाल्पानच्या मोठ्या रस्त्याने थोडं पुढे चालून उबर किंवा दीदी (तसंच दुसरं टॅक्सीचं ॲप) बोलवा, गेटसमोर बोलवाल तर गाडी येणारच नाही. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी नको. जाताना ट्रेन आणि येताना गाडी हे माझ्या मते सगळ्यात बरं.

तिकिटं फोनवर असतात, त्यामुळे पॉवर बँक हवीच, आणि फोन मागच्या खिशात ठेवायचा नाही. एकाच फोनवर चारही तिकिटं ठेवून सगळे त्याच्याकडे बघत उभे, असं करू नका, शक्य तेवढी ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवा.

विमान कुठल्या एअरपोर्टला उतरतंय तेही बघा. बेनितो हुआरेझ शहरातच आहे, फेलिपे आंखेलेस पार उत्तरेला लांब आहे, स्वस्त दिसलं म्हणून घ्याल आणि वाचलेले पैसे टॅक्सीत जातील.

नाक्यावरचा

मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, त्यामुळे जूनमध्ये तिथली वेळ डॅलसच्या एक तास मागे असते. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ बदलून द्या.

अजून एक सांगतो, घाबरवायला नाही. तिथे भूकंपाचा इशारा देणारे भोंगे शहरभर खांबांवर लावलेत. वाजले तर हॉटेलचे लोक शांतपणे बाहेर पडतात, त्यांच्या मागे जायचं. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री भोंगा वाजला की काहीच सुचणार नाही.

उंटावरचा_शहाणा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट शोधतोय, रात्री उशिरा नवीन स्लॉट दिसतात असं एकाने सांगितलं म्हणून बायको आणि मी पाळीपाळीने जागतोय. मिळाली तर १४ ला पोचायचं असं ठरवलंय. राहायला आईने कोयोआकानला मत दिलंय, बाकावर बसून लोक बघायचे म्हटल्यावर बाकी काही ऐकायलाच तयार नाही. व्हिसा नाहीच झाला तर आई-बाबांना दोघांनाच पाठवायचं का यावर घरात दोन तट पडलेत.

रिकामटेकडा

दोघांना एकटं नका पाठवू, भाषा येत नाही, तिकिटं फोनवर, रात्रीची मॅच. व्हिसा नाही झाला तर डॅलसचंच काहीतरी बघा. २२ जूनला अर्जेंटिना-ऑस्ट्रिया तुमच्याकडेच आहे. मॅराडोनाचे ते दोन गोल १९८६ च्या २२ जूनलाच झाले होते, बरोबर चाळीस वर्षं.

उंटावरचा_शहाणा

तारीख लक्षात आलीये हो, बाबांना अजून बोललो नाहीये. रीसेलवर किमती बघून ॲप बंद केलं. अझ्टेकाची तिकिटं विकून ती घ्यावी का असाही विचार आला.

नाक्यावरचा

विकायची तर फिफाच्या स्वतःच्या रीसेलवरच विका, बाहेर कुठे नको. तिथे विकणाऱ्याकडून १५ टक्के कापतात आणि घेणाऱ्याकडूनही वर १५ टक्के घेतात, म्हणजे अदलाबदल करताना दोन्हीकडून फटका. व्हिसाची तारीख कळेपर्यंत विकू नका.