‘अहिमाणकलहसीले’ : मराठ्यांचा गुण सांगितला की दोष?

प्रश्नकर्ती (पुणे) : एका स्मरणिकेसाठी मी ‘कुवलयमाले’तील मराठ्यांची गाथा आजच्या मराठीत आणत आहे. उद्योतनसूरीने इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या या प्राकृत ग्रंथात बाजारात जमलेल्या देशोदेशींच्या लोकांचे रूप, स्वभाव आणि बोली एकेका गाथेत टिपली आहे. मराठे दृढ, ठेंगणे, सावळ्या अंगाचे आणि सोशिक, इथपर्यंत काही अडले नाही. ‘अहिमाणकलहसीले’साठी मी ‘अभिमानी आणि भांडखोर’ असे लिहिले, तेव्हा संपादकांनी दोन्ही शब्द खोडून ‘स्वाभिमानी व लढाऊ’ केले. परक्याने आपल्यात पाहिलेला दोष आपणच पुसून टाकावा, हे मला पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्राकृतवाचक : ‘लढाऊ’ला मुळात आधार नाही, कारण कलह म्हणजे युद्ध नव्हे. ‘शील’ शब्दानेही फसू नये. सहनशील, विचारशील या शब्दांत ते केवळ स्वभाव दाखवते, सच्चारित्र्य नव्हे. खरा प्रश्न समासाचा आहे. अभिमान आणि कलह हे दोन वेगळे स्वभाव मानायचे, की अभिमानापायी होणारा कलह हा एकच? मी दुसरा अर्थ घेईन. पुलकेशी दुसरा याच्या काळात, म्हणजे याआधी सुमारे १४० वर्षे, ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला. हे लोक उपकार स्मरतात, अपमानाचा सूड घेतात, पण सूडापूर्वी शत्रूला सूचना देतात, असे त्याने नोंदवले आहे. उगाच भांडणाऱ्याचे हे वर्णन नाही.

इंदूरनिवासी : गाथेतला ‘अभिमान’ आपण आजच्या मराठी कानांनी ऐकत आहोत, असे मला वाटते. शाळेत आम्ही हिंदीतून प्रतिज्ञा म्हणत असू आणि तिच्यात देशाच्या संस्कृतीबद्दल ‘गर्व’ होता. सुटीत पुण्याला आलो की मामेभाऊ तीच प्रतिज्ञा ‘परंपरांचा मला अभिमान आहे’ अशी म्हणे. एकदा मी त्याच्यापुढे ‘मला गर्व आहे’ म्हणालो, तेव्हा आजीने हातातले निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले आणि ‘गर्वाचे घर खाली, असे बोलू नये’ असे समजावले. इकडे वर्गात कुणाला ‘अभिमानी’ म्हटले, की ती तक्रार असे. एका भाषेतला गुण दुसरीत दोष ठरतो.

शुद्धलेखनाग्रही : म्हणूनच हल्ली फलकांवर दिसणारे ‘मला मराठी असल्याचा गर्व आहे’ हे वाक्य मला असह्य होते. अभिमान हाच आपला शब्द असून, हिंदीच्या नादाने आपण स्वतःलाच गर्विष्ठ म्हणवून घेत आहोत.

प्राकृतवाचक : आपला त्रास समजतो, परंतु ‘आपला’ अभिमानही जन्मतः निर्मळ नव्हता. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ आणि दर्प यांच्या शेजारी तो आसुरी संपत्तीत बसला आहे. मराठीने त्याला तेथून उठवून मानाचे स्थान दिले. अर्थ बदलण्याचा तोच अधिकार आज ‘गर्व’ वापरणाऱ्यांना का नसावा? आणि संपादकांना ‘स्व’ जोडण्याची गरज भासली, यावरून अभिमानाची जुनी बोच अजून पुरती गेलेली नाही, असेच दिसते.

शुद्धलेखनाग्रही : पाचशे वर्षांत रुजलेला बदल आणि पाच वर्षांत फलकांवरून पसरलेली नक्कल यांना मी एकाच पारड्यात घालणार नाही.

सातारकर : मला समासाचा दुसरा अर्थ पटतो, आणि त्याचे कारण घरातले आहे. माझे आजोबा व त्यांचे चुलत बंधू यांच्यात वीतभर बांधावरून अनेक वर्षे अबोला होता. जमिनीचा तो तुकडा आजोबांना नकोच होता. ‘मला न विचारता नांगर घातला’ एवढेच ते म्हणत. त्याच भावाचा बैल विहिरीत पडला तेव्हा मोटेचा नाडा घेऊन सर्वांत आधी आजोबाच धावले आणि बैल वर आल्यावर एक शब्द न बोलता घरी परतले. याला ‘भांडखोर’ म्हणणे मला जड जाते. ‘मानापायी भांडणारे’ असे लिहावे.

बाजारपेठवाला : गाथेतला प्रसंग बाजाराचा आहे, हे सर्वजण विसरत आहेत. तेथे मराठे ‘दिण्णले, गहिल्ले’ म्हणजे ‘दिले, घेतले’ असे बोलतात. माझ्या मते येथील कलह म्हणजे भावावरून चाललेली घासाघीस आहे. शेजारचे गुर्जर तूप-लोण्यावर पोसलेले आणि संधिविग्रहात, म्हणजे तह आणि युद्ध करण्यात, निपुण सांगितले आहेत. तेही मला सौदा जुळवण्याचेच कौशल्य वाटते.

प्राकृतवाचक : कल्पना सुंदर आहे, परंतु कलहाचा असा अर्थ मी अन्यत्र वाचलेला नाही.

प्रश्नकर्ती : ‘मानापायी भांडणारे’ मला आवडले, पण त्याने दोषाची धार पुन्हा बोथट होते. ‘अभिमानी’ मी ठेवणार आहे. ‘भांडखोर’बद्दल संपादकांशी आज पुन्हा बोलते.

बाजारपेठवाला : दिण्णलेचे ‘दिले’ सरळ दिसते. मग गहिल्लेचे ‘घेतले’ होताना मध्ये ‘त’ कुठून आला?

सातारकर : सांगितले, बघितले यांतही तो आहेच. प्राकृतवाचकांनी यावर सविस्तर लिहावे.